नानांचा मागचा शॉकर

नाना दिघ्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. सही करायची वेळ आली की समोरच्याचं मागून घ्यायचे आणि परत देताना "रिफिल बदला, अटकून राहिलीय," असा शेराही द्यायचे. खिशात असायची ती सहा इंची स्टीलची पट्टी. तिच्यावरचे आकडे घासून घासून पुसट झाले होते, पण नाना नखानं रेघा मोजायचे, त्यांचं अडत नसे. देवासच्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होते, तिथल्या टूलरूमचे ते फोरमन. मी कागदावर रेघा मारायच्या आणि त्यांनी त्या रेघांप्रमाणे लोखंड कापायचं, असा आमचा संबंध. त्यामुळे ओळख भांडणानं झाली हे ओघानंच आलं. माझ्या एका ड्रॉइंगवर एक माप द्यायचं राहून गेलं होतं. नाना कागद घेऊन वर आले, माझ्या टेबलावर पसरला आणि अदबीनं म्हणाले, "बाईसाहेब, हे भोक कुठं पाडावं? आपल्या मर्जीनं की माझ्या?"

मी साताऱ्याची, लग्न होऊन देवासला आलेली, आणि स्वभावानं फटकळ. मी म्हटलं, "पाडा कुठंही, नाहीतरी तुम्ही लोक ड्रॉइंग बघता कुठं?" नानांनी पट्टी काढली, कागदावर ठेवली, मला नेमकी जागा दाखवली आणि म्हणाले, "आम्ही बघतो, जोगबाई. म्हणून तर जिना चढून आलो." त्या दिवसापासून मी प्रत्येक ड्रॉइंग दोनदा तपासायला लागले. आजही किराणा मालाची यादी दोनदा तपासते.

धारच्या जुन्या दरबारी घराण्यातला हा माणूस. घरातलं मराठी असं, की "यावं, बसावं, स्वारी आज इकडं कशी?" आणि तोच माणूस टूलरूमच्या दारात पाऊल टाकलं की "अरे भिया, ये क्या कर के रख्या है!" मी एकदा विचारलं, "नाना, तुमची भाषा तरी कुठली?" म्हणाले, "घरात मराठी, बाजारात हिंदी आणि रागात माळवी." माळवी मी फार वेळा ऐकलं नाही, पण ऐकलं तेव्हा पोटभर ऐकलं.

त्या पट्टीपासून काहीही सुटत नसे. कँटीनच्या ठेकेदाराला एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "भिया, गए साल से कचोरी चार मिलिमीटर छोटी हो गई, और भाव वोई का वोई?" ठेकेदार हसून म्हणाला, "नजर को फरक है, नाना." नानांनी कचोरी ताटलीत ठेवली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि गेल्या वर्षीचं माप सांगितलं. गेल्या वर्षीचं माप त्यांनी का घेऊन ठेवलं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून कचोरी फुगली, आणि मजूर युनियनला जे जमलं नव्हतं ते पट्टीनं केलं असं लोक म्हणू लागले.

दुसरी त्यांची श्रद्धा म्हणजे योग्य हत्यार. एका नव्या फिटरनं पाना शोधायचा कंटाळा करून नटाला पक्कड लावली, तर नानांनी त्याला त्या नटाची माफी मागायला लावली. हात जोडून. बाकीचे हसत होते, नाना हसत नव्हते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ढिलं काही त्यांना बघवत नसे. दाराची कडी, खुर्चीचा पाय, माझ्या चष्म्याची दांडी, हललं की आवळ. माई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या हाती सापडले तर माझ्या बांगड्यासुद्धा आवळतील."

नाना सायकलवर कारखान्यात यायचे, ऊन असो, पाऊस असो. पण त्यांची खरी सायकल वर्षातून एकदा चालायची. दिवाळीला सगळे दिघे धारला थोरल्या भावाकडं जमत आणि भाऊबीजेला सकाळी नाना धारहून निघून, तिरल्यावरून अमझेऱ्याला आक्कांकडं जात. आक्का त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच न्हाऊमाखू घातलं होतं. शाळेत होते तेव्हापासून नानांनी ही वारी सायकलवरून केली होती आणि एकदाही चुकवली नव्हती.

मग पाठीनं दगा दिला. मणक्याचं ऑपरेशन झालं इंदूरला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्यांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून नेलं आणि दोघांनी धरून उतरवलं. आक्कांनी ओवाळलं. निघताना त्या म्हणाल्या, "पुढल्या सालापासून तू नको येऊस हो. मीच येत जाईन धारला." सत्तरीला आलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि ती बस बदलत भावाच्या दारी येणार. हे मला सांगून नाना म्हणाले, "बहिणीनं यायचं, जोगबाई? माझ्या पाठीपायी तिनं यायचं?" पुढच्या वर्षीही जीपच. मग त्यांनी ठरवलं की तिसऱ्या भाऊबीजेला सायकलनंच अमझेऱ्यात शिरायचं, नाहीतर आक्कांना हो म्हणून टाकायचं.

डॉक्टरांनी अर्थातच डोक्याला हात लावला. पण नानांनी त्यांचं बोलणं ड्रॉइंग वाचावं तसं वाचलं. "पाठीला धक्का चालणार नाही, हे झालं स्पेसिफिकेशन. सायकल चालवू नका, हे झालं त्यांचं मत. स्पेसिफिकेशन मी पाळणार."

माईंचा भाचा परदेशातून परत येताना एक डोंगरात चालवायची सायकल सुटी करून खोक्यातून घेऊन आला होता. ती त्याच्या घरी जिन्याखाली पडून होती. तिच्या मागच्या चाकालाही शॉकर होता. मागचं चाक एका वेगळ्या, वरखाली होणाऱ्या चौकटीवर बसवलेलं, आणि ती चौकट व शॉकर यांच्यामध्ये दोन छोट्या पट्ट्या. खड्ड्याचा धक्का बसला की चाक वर उठायचं, पट्ट्या फिरायच्या आणि शॉकरची स्प्रिंग दाबायच्या. म्हणजे धक्का स्प्रिंगनं खायचा, पाठीनं नाही. अडचण इतकीच की त्या पट्ट्या पातळ होत्या, वाकल्या होत्या, त्यांच्या भोकांतले बुश, म्हणजे आतल्या कड्या, झिजले होते आणि मागचं चाक कुत्र्याच्या शेपटीसारखं हलायचं. नानांनी ते हलणं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला, की माई म्हणाल्या, "झालं! आता हे जेवणार नाहीत."

साहेबांची परवानगी काढून, सुटीच्या दिवशी, टूलरूममध्ये नव्या पट्ट्या तयार झाल्या. ड्रॉइंग माझं. जाड अॅल्युमिनियम, बुशच्या जागी बॉल बेअरिंग, आणि शॉकरकडचं भोक नानांच्या सांगण्यावरून थोडं सरकवलेलं, म्हणजे चाक सुरुवातीला हलकं उठेल आणि पुढं पुढं जड होत जाईल. ह्या वेळी मी एकही माप सोडलं नाही. पट्ट्या इतक्या देखण्या झाल्या की टूलरूममधले लोक हातात घेऊन बघत होते. नानांनी त्या चढवल्या, बोल्ट आवळले आणि सीटवर दाब दिला. सीट खाली गेली आणि वर यायचं नावच घेईना.

टूलरूमच्या माणसानं टूलरूमसारखं आवळलं होतं. डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, दोन भागांत सिगारेटचा कागद जाऊ नये, ही यांची शिस्त, आणि ती त्यांनी सायकलीला लावली होती. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, जणू माझंच ड्रॉइंग चुकलं होतं. चौथ्या दिवशी बोल्ट सैल करून, बाजूला पातळ वायसर घालून, त्यांनी पुन्हा दाब दिला. चाक लोण्यात सुरी जावी तसं गेलं आणि आलं. "थोडी ढील लागते," ते पुटपुटले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणारी मी कारखान्यातली पहिलीच.

पण खरी गंमत पुढं होती. नव्या पट्ट्यांनी जुनं सगळं सेटिंग निकामी झालं होतं. स्प्रिंगला वरून दाबणारी एक कॉलर असते, ती फिरवली की स्प्रिंग कडक होते. नानांनी ती फिरवत नेली, कारण सीटवर बसलं की सायकल खाली बसत होती आणि ते त्यांना पसंत नव्हतं. "मी बसलो की ही बसते म्हणजे काय? हिच्यात दम नाही." शेवटी कॉलर फिरायची थांबली आणि सायकल खाली बसेनाशी झाली. नाना विजयी मुद्रेनं सायकल चालवत कँटीनच्या तीन पायऱ्यांवरून उतरले आणि आठ दिवस अंथरुणात पडले.

माईंनी मला बोलावून घेतलं. सायकल अंगणात पाठमोरी उभी होती, माईंनी तिच्यावर चादर घातली होती. "जोगबाई, ह्यांना काहीतरी सांगा. भंगारवाला उद्या येतोय." मी म्हटलं, मला त्या खोक्यातलं पुस्तक द्या. शॉकरबरोबर आलेलं बारा पानांचं इंग्रजी पुस्तक होतं ते. नानांनी उघडलंही नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसून मराठीत सांगत गेले. माणूस सीटवर स्वस्थ बसला की शॉकरनं आपल्या चालीचा पाव हिस्सा बसायलाच हवा. मग चाक उंचवट्यावर वर उठतं आणि खड्ड्यात खालीही उतरतं. अजिबात न बसणारा शॉकर खड्ड्यात शिरत नाही, त्यावरून उडी मारतो. नाना छताकडं बघत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे बसणं हे तिचं काम आहे?" मी हो म्हटलं. "मग आधी का नाही सांगितलंत, बाई?" मला इतका राग आला की मी चहा न घेता निघून आले.

नवरात्रात ते उठून उभे राहिले आणि सेटिंग सुरू झालं. शॉकरची पूर्ण चाल पन्नास मिलिमीटर, त्याचा पाव हिस्सा साडेबारा. नाना भिंतीला कोपर टेकवून सीटवर बसायचे, मी खाली उकिडवी बसून पट्टीनं दोन बोल्टांमधलं अंतर मोजायचे. "किती?" "सात." उतर, कॉलर सैल कर, पुन्हा बस. "किती?" "दहा." मग शॉकरवरची तांबडी कळ. दाबलेली स्प्रिंग किती वेगानं परत यायची, ते तिच्यावर ठरतं. फार वेगानं आली तर सीट खालून लाथ मारते, फार हळू आली तर दुसरा खड्डा येईपर्यंत चाक वरच राहतं. कँटीनच्या त्याच तीन पायऱ्या, एकेक खट् कळ फिरवत, किती वेळा उतरले देव जाणे. ठेकेदार बाहेर येऊन बघत राहायचा. एका संध्याकाळी उतरले आणि सायकल खाली फक्त एकदा दबून उठली, दुसऱ्यांदा डुलली नाही. नाना थांबले. पाठीवर हात ठेवला. "काही नाही, जोगबाई," म्हणाले, "काहीच लागलं नाही!" आणि हा पन्नाशी उलटलेला फोरमन कारखान्याच्या आवारात लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराला पुसून टाकलं.

खंडेनवमीला टूलरूममध्ये हत्यारांची पूजा. यंदा लेथच्या शेजारी सायकल उभी होती. नानांनी शेवटचं माप घेतलं, साडेबारा, बरोबर पाव हिस्सा, आणि कॉलरवर तांबड्या रंगाची रेघ मारून सेटिंग पक्कं केलं. वर झेंडूचं फूल वाहिलं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, आणि तांबडी रेघ मारलेल्या मापाला तर कधीच नाही, हा त्यांचा नेम.

भाऊबीजेला माई स्वतःच्या भावाकडं उज्जैनला जाणार होत्या. त्यांनी मला गळ घातली, "तुमचा भाऊ दूर साताऱ्याला. तुम्ही दोघं स्कूटरवर ह्यांच्या मागून जा. माझं ते ऐकायचे नाहीत, तुमचंही ऐकायचे नाहीत, पण निदान उचलून तरी आणाल." म्हणून पाडव्याच्या रात्री आम्ही धारला मुक्कामाला आलो आणि सकाळी मी आमच्या ह्यांच्या मागे स्कूटरवर बसून नानांच्या सायकलीमागं निघाले. नानांच्या पाठीवर एक भली मोठी पिशवी होती. मी विचारलं तर म्हणाले, "आक्काची ओवाळणी."

पहिल्या दोन कोसांत मला जाणवलं की काहीतरी बिघडलंय. खड्डा आला की मागून ठक् असा आवाज यायचा आणि नानांचे खांदे वर उडायचे. तिरल्याच्या अलीकडं एक मोठी ठक् झाली आणि नाना उतरले. चेहरा पांढराफटक. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर हळूहळू बसले. आमचे हे म्हणाले, "नाना, पुरे. सायकल इथं ठेवू. जीप बघतो मी." मला त्यांच्याकडं बघवेना. दोन वर्षांची जीप, आणि आता तिसरी.

चहावाल्यानं बाक पुसण्यासाठी नानांची पिशवी उचलली आणि परत टेकवली. "बा साब, ईमें कंई भर्यो है? पत्थर?"

"मिक्सर," नाना म्हणाले. "आणि फराळाचे दोन डबे."

आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग येताना मला दिसला. पिशवीकडं बघितलं, स्वतःच्या पोटाकडं बघितलं, आणि खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. पिशवी पाठीवर चढवली, टपरीच्या खांबाला कोपर टेकवून सीटवर बसले. "बघा."

"एकोणीस," मी म्हटलं.

"जोगबाई, नवरात्र! मी नऊ दिवस उपाशी होतो!" आणि हा माणूस खो खो हसायला लागला. नऊ दिवसांच्या उपासानं तीन किलो उतरलेल्या, रिकाम्या पाठीच्या माणसाचं माप त्यांनी पूजा करून, रंग मारून कायम केलं होतं. आणि आज त्याच स्प्रिंगवर दिवाळीचा फराळ खाल्लेला माणूस, त्याच्या पाठीवर आणखी फराळ आणि वर बहिणीचा मिक्सर. सायकल बिचारी तळाला टेकत होती. "उपाशी माणसाचं सेटिंग करून राहिलो मी!"

आता कॉलर फिरवायची तर पाना हवा, आणि पाना देवासला, कारण तांबडी रेघ मारली की पाना लागत नाही. नानांनी इकडंतिकडं बघितलं. चहावाला पातेलं उतरवत होता. नाना त्याच्या हातातल्या सांडशीकडं बघत राहिले. मला तो माफी मागणारा फिटर आठवला आणि मी तोंड दुसरीकडं वळवलं.

"भिया, जरा वो सांडसी देना," नाना म्हणाले.

तांबडी रेघ फुटली. सांडशीनं कॉलर पकडून नानांनी चार फेरे दिले, तांबडी कळ एक खट् सावकाश केली. बसले. "किती?" "तेरा." "चालेल," नाना म्हणाले. अर्ध्या मिलिमीटरला चालेल म्हणणारे नाना मी त्या दिवशी पाहिले.

पुढचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही मागं, नाना पुढं. नाल्याच्या उतारावर रस्ता उखडला होता, खडी पसरली होती, ह्यांनी स्कूटर हळू केली आणि तरी माझे दात वाजले. आणि पुढं त्या माणसाच्या खाली मागचं चाक वरखाली, वरखाली होत होतं, आणि वर नानांची पाठ आणि मिक्सरची पिशवी जागची हलत नव्हती. एका चढावर त्यांनी हात वर करून आम्हांला पुढं जायची खूण केली. आम्ही गेलो नाही. मी मागून ओरडले, "जा नाना, जा!" शेतातले लोक बघायला लागले. मला कसलीही लाज वाटली नाही.

अमझेऱ्यात नाना पाय न टेकवता शिरले. आक्का ओट्यावर उभ्या होत्या, नऊवारीत, हात कपाळाशी धरून उन्हात बघत. सायकल अंगणात थांबली, नाना स्वतः उतरले, स्वतः स्टँड लावला आणि वाकून नमस्कार केला. आक्कांनी त्यांना उठवलं आणि दोन्ही हातांनी त्यांची पाठ वरपासून खालपर्यंत चाचपून बघितली. मग म्हणाल्या, "सुटले बाई. आता मी कुठंही येणार नाही. तूच येशील."

ओवाळून झालं, जेवणं झाली. आम्हांला त्याच दिवशी देवासला परतायचं होतं, आणि पुढच्या महिन्यात ह्यांची बदली झाली, म्हणून नानांची भाऊबीज मी पाहिली ती तेवढीच. स्कूटर चालू झाली, मी मागं वळून बघितलं. आक्कांनी नऊवारीचा काष्टा खोचला होता आणि त्या सायकलीच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे दोन्ही बाजूंनी धरून होते आणि त्या त्यांच्यावर खेकसत होत्या, "सोडा रे, पडत नाही मी!" आणि नाना त्यांच्या मागं जमिनीवर मांडी घालून बसले होते, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात आक्कांच्या चुलीपुढची सांडशी, आणि मोठ्यानं विचारत होते, "आक्का, जेवणानंतर वजन किती असेल तुझं? खरं सांग!"